पावसाआधीचे प्रश्न : धाबं, चुना आणि जुनी देवळं

मृग तोंडावर आला की या सदराकडे येणारी पत्रं गळतीची असतात. यंदा त्यांत एक पत्र इंग्लंडच्या खेड्यातल्या घरांबद्दलचं आहे. तेही इथेच घेतलं आहे, कारण तिथल्या मातीच्या भिंतीचं दुखणं आपल्या भिंतीपेक्षा फार वेगळं नाही.

प्रश्न : चार खणांचं वडिलोपार्जित धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर आहे. दरवर्षी खारी माती टाकतो, तरी मधल्या खणात गळतं. गेल्या वर्षी ताडपत्री अंथरून तिच्यावर माती टाकली. गळती थांबली, पण आता एका सऱ्याचं (छताखालच्या आडव्या लाकडाचं) टोक भिंतीपाशी काळं पडलं आहे. धाबं काढून पत्रे टाकावेत का? (वाचक, अमळनेर तालुका)

पत्र्यांचा विचार नंतर करू, आधी सऱ्याचं टोक बघा. दाभण किंवा स्क्रूड्रायव्हर हाताने जोर देऊन टोचा. वरचा पापुद्रा सोडून आत लाकूड टणक लागलं तर फक्त डाग आहे. अर्ध्या इंचापेक्षा जास्त सहज आत गेलं, तर ते टोक कुजलं आहे आणि त्या खणाचा भार भिंतीवर नीट उतरत नाही. तसं असेल तर आजच्या आज सऱ्याखाली, भिंतीपासून फूटभर अंतरावर टेकू द्या. टेकूच्या खाली जाड फळी ठेवा, नाहीतर तो जमिनीत रुतून निकामी होतो. टेकू दिल्यावरच वरची माती काढायला घ्या, आणि तीही दोन्ही बाजूंनी सारखी. एका बाजूला ढीग राहिला तर सरा पिळवटतो.

टोक कुजण्याचं कारण ती ताडपत्रीच आहे. धाब्याची माती थोडं पाणी पिते आणि ऊन पडलं की सोडते. मध्ये ताडपत्री आली की वरून मुरलेलं पाणी उतारानं ताडपत्रीच्या कडेला, म्हणजे भिंतीच्या माथ्यावर जातं. सऱ्याचं टोक नेमकं तिथे मातीत गाडलेलं असतं. त्याला वारा लागत नाही, ऊन लागत नाही. ताडपत्री वापरायचीच असेल तर झडीच्या दिवसांत धाब्यावर वरून टाका आणि उघडीप पडली की काढा.

आता खारीबद्दल. पांढरीतली, म्हणजे गावाच्या जुन्या वस्तीच्या जागेतली, खारी माती पाणी अडवते ते तिच्यातल्या सोडियमच्या क्षारांमुळे. पाणी लागताच तिचे बारीक कण सुटे होतात आणि मातीतली छिद्रं बुजवून टाकतात. म्हणून पहिल्या सरीनंतर धाबं बंद होतं. शेतातली काळी माती तितकीच चिकट दिसते, पण उन्हाळ्यात तिला बोटभर भेगा पडतात आणि पहिला पाऊस सरळ घरात येतो. अलीकडे गावाची पांढरी संपत आली, गढीची माती नेऊन नेऊन गढी सपाट झाली, म्हणून ट्रॉलीवाला जी आणील ती माती लोक टाकतात. निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

माती घेण्याआधी एवढं करून बघा. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा डिस्टिल्ड पाणी घ्या. बोअरचं नको, त्यात आधीच क्षार असतात. बोराएवढं वाळलेलं ढेकूळ त्यात अलगद सोडा, ढवळू नका. चांगल्या खारीच्या ढेकळाभोवती काही वेळात दुधासारखं वलय पसरतं आणि दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असतं. ढेकूळ नुसतं विरघळून तळाशी बसलं आणि वरचं पाणी नितळ राहिलं, तर ती माती धाब्याच्या कामाची नाही.

धाब्यावर आधी गवत उपटा. कापू नका. कापलेल्या गवताची मुळं आत कुजतात आणि त्यांच्या जागी नळ्या तयार होतात. त्यातून पाणी खाली उतरतं आणि गळती भलत्याच ठिकाणी दिसते. मग वरची सैल इंचभर माती खरवडून बाजूला करा, पण खालचा घट्ट बसलेला थर फोडू नका. हलकं पाणी शिंपडून चाळलेली खारी दोन इंच टाका आणि धुम्मसाने ठोका. उतार दहा फुटांना दोन ते अडीच इंच असावा. जास्त दिला तर जोराच्या पावसात मातीच वाहून जाते, कमी दिला तर पाणी साचतं. उतार डोळ्याने ठरवू नका, पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घ्या.

मधल्या खणातल्या गळतीचं कारण बहुधा तिथे पडलेला झोल असेल. खालून सऱ्याच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून बघा. दहा फुटांच्या सऱ्याचं पोट इंचाहून जास्त खाली आलं असेल तर वर खळगा झालेला असतो. लोक तो दरवर्षी माती टाकून भरतात. शंभर चौरस फुटांवर एक इंच माती म्हणजे जवळपास पावणेचारशे किलो, आणि भिजली की आणखी जास्त. दहा वर्षं इंच इंच टाकत गेलात, जुनी काढली नाहीत, तर त्या खणावर पावणेचार टन वाढले. सरा वाकतो, खळगा वाढतो, पुन्हा माती पडते. चांगल्या धाब्याचा मातीचा सगळा थर मिळून नऊ-दहा इंच पुरे. दीड फुटाच्या पुढे गेला असेल तर पाऊस संपल्यावर तो उतरवून घ्या.

पन्हळ भिंतीपासून दीड फूट तरी बाहेर यावी आणि तिचं पाणी पडतं तिथे फरशीचा तुकडा ठेवावा. धाबं आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यात चुना-सुरखीची (सुरखी म्हणजे विटांचा भुगा) गोलसर कड काढून घ्या. मुसळधार पावसाला धाबं सहसा दाद देत नाही, कारण पाणी वाहून जातं. चार दिवसांची झड लागली की त्याची परीक्षा असते, आणि झडीत पाणी या कोपऱ्यातूनच शिरतं.

राहता राहिले पत्रे. धाब्याच्या वर, दीड फूट पोकळी ठेवून पत्र्याचं छप्पर चालेल. त्याचा भार मात्र भिंतींवर किंवा वेगळ्या खांबांवर द्या, सऱ्यांवर नको. खाली तीन-चार इंच माती राहू द्या. धाबं काढून नुसता पत्रा टाकलात तर मे महिन्यात दुपारी त्या घरात बसवणार नाही आणि कूलरचं बिल दरवर्षी भरावं लागेल.

प्रश्न : भेंड्यांच्या, म्हणजे कच्च्या विटांच्या, भिंतीला खालून ओल यायची म्हणून तीन वर्षांपूर्वी चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. आता ओल सहा फुटांवर गेली आहे, वर लोणा (मिठाचा पांढरा थर) लागला आहे आणि गिलावा ठोकला की पोकळ वाजतो. वॉटरप्रूफ केमिकल मारू का? (वाचक, पारोळा)

मारू नका. जमिनीतली ओल भिंतीत चढणारच. पूर्वी ती चढत होती आणि खालच्या दोन-तीन फुटांतूनच वाळून जात होती. सिमेंटने तो रस्ता बंद केला, म्हणून ती वाट मिळेपर्यंत वर गेली. केमिकल मारलंत तर आणखी वर जाईल, आणि मधली माती कायमची ओली राहील. कच्च्या विटेची भिंत ओली असली की तिची ताकद झपाट्याने कमी होते. पोकळ आवाज येतो आहे म्हणजे गिलाव्यामागची माती सुटून खाली बसली आहे. आतून ढोली झालेल्या अशा भिंती बाहेरून मात्र गुळगुळीत दिसतात.

आधी गल्लीत उभं राहून बघा. रस्त्याचं काँक्रीट जोत्याच्या वर आलं आहे का? खेड्यापाड्यांत एकावर एक काँक्रीटचे थर पडले आणि ओटे खड्ड्यात गेले. तसं असेल तर भिंतीच्या कितीही दुरुस्त्या करा, उपयोग नाही. भिंतीपासून दीड-दोन फूट अंतरावर, जोत्याच्या तळापेक्षा वरच राहील अशी उथळ गटार काढा आणि तिला वाहता उतार द्या. भिंतीला लागून खोल खणू नका. पाया उघडा पडेल.

सिमेंट काढताना छिन्नी आडवी धरा आणि चार-चार फुटांचे पट्टे वरून खाली काढत या. मागची माती निखळून बाहेर आली तर तिथेच थांबा. तो भाग कच्च्या विटांचे तुकडे आणि मातीच्या गाऱ्याने भरून मगच पुढे जा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा, सुपात धरा आणि लांब टाका. पाण्याने धुतलात तर मीठ पुन्हा आत जातं.

आता नवा गिलावा. इथे एक चूक फार होते. धाब्यावरची खारी उरलेली असते, तीच लोक भिंतीला लावतात. धाब्याला जे क्षार हवेत तेच भिंतीला नकोत. ते वाळताना पृष्ठभागावर स्फटिक होतात आणि गिलावा सोलून काढतात. भिंतीला नदीकाठची पोयट्याची किंवा पिवळी माती घ्या. एक भाग चिकट माती, दोन भाग वाळू, अर्धा भाग गव्हाचा बारीक भुसा. हे पाण्यात कालवून आठवडाभर भिजत ठेवा, रोज तुडवा. भुसा कुजू लागून वास आला की गारा चिवट झाला. भिंत ओलसर करून अर्ध्या इंचाचा हात द्या, तडे पडले तर दुसरा हात पातळ द्या. तळहाताएवढा नमुना आधी भिंतीवर लावून दोन दिवस बघा. तडे जास्त पडले तर वाळू वाढवा, हात लावल्यावर भुगा पडला तर माती वाढवा.

यंदा पावसाआधी एवढंच करा. चुन्याचा हात दिवाळीनंतर. खानदेशच्या मे महिन्यात चुना लावणं म्हणजे पैसे वाया. चुना वाळून घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट होतो, आणि त्यासाठी काही दिवस त्याच्यात ओल राहावी लागते. चव्वेचाळीस अंशांत तो सकाळी लावला की दुपारी कोरडा पडतो आणि पुढे बोटाला पावडर येते. दिवाळी ते होळी हा त्याचा काळ, तोही ओली पोती टांगून.

कळीचा चुना मिळाला तर उत्तम. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. खड्यांवर पाणी ओतू नका, उसळून अंगावर येतं. डोळ्यांना गॉगल हवाच. चुना डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. विरलेला चुना गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून निदान महिनाभर मुरवा. पिशवीतला पांढरा चुना घ्यायचा झाला तर चमचाभर घेऊन त्यावर व्हिनेगर टाका. जोरात फसफसला तर तो गोदामातच हवा खाऊन मेला आहे, परत करा. गिलाव्याला एक भाग मुरलेल्या चुन्याला तीन भाग धुतलेली वाळू, जाडी आठ ते दहा मिलिमीटर. वरून चुन्याचे तीन-चार पातळ हात. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट लावलात तर सगळी मेहनत पुन्हा सिमेंटपाशी येऊन थांबेल.

प्रश्न : मुलगी-जावई इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या एका खेड्यात राहतात. आम्ही दोघं जूनपासून तीन महिने तिकडे आहोत. तिच्या गावात गवताने शाकारलेली मातीची घरं आहेत म्हणते. आपल्याकडच्या घरांशी त्यांचं काही जमतं का, आणि गावातल्या इमारती किती जुन्या हे कसं ओळखायचं? (वाचक, फैजपूर)

मातीपासून सुरुवात करा. डेव्हनच्या त्या भिंतीला तिकडे कॉब म्हणतात. जमिनीखालची चिकट माती, पेंढा आणि पाणी पायांनी तुडवून गारा करायचा आणि साच्याशिवाय, विटा न पाडता, सरळ भिंत चढवायची. दीड-दोन फुटांचा थर चढवला की तो वाळेपर्यंत थांबायचं, मग पुढचा. भिंतीची जाडी दोन फूट किंवा जास्त. खिडकीच्या खोबणीत हात घालून मोजता येईल. जुन्या घरांचे कोपरे गोलसर दिसतील, कारण मातीचा टोकदार कोपरा टिकत नाही.

मोठा फरक भाराचा आहे. आपल्या जुन्या, खांबांवर उभ्या धाब्याच्या घरात किंवा वाड्यात छताचा भार खांब आणि तुळया घेतात. भिंत पडली तरी अनेकदा धाबं उभं राहतं. कॉबच्या घरात लाकडी सांगाडा नसतो, छप्पर थेट मातीवर बसतं. म्हणून भिंतीचा पाय भिजला की सगळंच जातं. डेव्हनची जुनी माणसं सांगतात, मातीच्या घराला चांगली टोपी आणि चांगले बूट हवेत. टोपी म्हणजे भिंतीच्या बरीच बाहेर आलेली गवताची वळचण, बूट म्हणजे दगडी जोतं. विसाव्या शतकात तिथेही लोकांनी या भिंतींना सिमेंट फासलं आणि पारोळ्याच्या वाचकांना आला तोच अनुभव त्यांना आला. काही घरं एका रात्रीत कोसळली. आता तिथले जाणकार पुन्हा चुन्याकडे वळले आहेत.

छपराचं गवत म्हणजे बहुधा गव्हाचं काड किंवा पाणथळीतला बोरू. उतार पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त असतो. त्याहून सपाट झालं तर पाणी काडावरून निथळत नाही, आत मुरतं. थर साधारण फूटभर. गव्हाचं काड वीसेक वर्षं टिकतं, बोरू तीस-चाळीस. आढ्यावरची पट्टी मात्र दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते, तीच सर्वांत जास्त झिजते. आढ्यावर नक्षी दिसली तर ती कारागिराची खूण समजा. छपरावर तारेची जाळी दिसेल, ती पक्ष्यांसाठी.

वय ओळखायचं तर गावच्या चर्चपासून सुरुवात करा. इंग्लंडच्या बहुतेक खेड्यांत तीच सर्वांत जुनी उभी इमारत असते. कमानी बघा. जाड भिंतीत अर्धवर्तुळाकार कमान आणि तिच्यावर नागमोडी दातेरी नक्षी असेल तर ती नॉर्मन, म्हणजे साधारण 1066 ते 1190. अरुंद, उंच, भाल्याच्या पात्यासारखी टोकदार खिडकी तेराव्या शतकाची. खिडकीच्या वरच्या भागात दगडाची वळणदार, पानाफुलांसारखी जाळी असेल तर चौदाव्या शतकाचा पूर्वार्ध. आणि रुंद खिडकी, तिच्यात खिडकीच्या तळापासून वरपर्यंत सरळ उभ्या दगडी पट्ट्या, वरची कमान दबलेली, हे 1350 नंतरचं, पुढे जवळपास दोनशे वर्षं चाललेलं. एकाच चर्चमध्ये हे चारही प्रकार भेटतील. दरवाजा नॉर्मन आणि मनोरा पंधराव्या शतकाचा, हे नेहमीचं आहे. भिंतीत उभा सांधा दिसला, दगडांचे थर दोन्हीकडे जुळत नसले, की तिथे वाढीव बांधकाम झालं. डेव्हनच्या चर्चमध्ये आत गेलात की मुख्य दालन आणि वेदी यांच्या मध्ये उभा असलेला कोरीव लाकडी पडदा आणि बाकांची कोरीव टोकं चुकवू नका. त्या परगण्याची ही खासियत आहे. वर छत होडी पालथी घातल्यासारखं गोल असेल. बाहेर छताच्या कडेला राक्षसांची तोंडं दिसतील, त्या पन्हळी आहेत.

घरांचा अंदाज साहित्यावरून करा. कालवे आणि रेल्वे येण्याआधी दगड लांबून आणणं परवडत नसे, त्यामुळे जमिनीत जे होतं तेच भिंतीत आलं. डेव्हनमध्ये माती, कॉट्सवोल्ड टेकड्यांत मधाच्या रंगाचा चुनखडी दगड, नॉरफोकमध्ये गारगोटी, सफोकमध्ये ओकच्या लाकडाचे सांगाडे. लांब जाणं झालंच तर कॉट्सवोल्डमधल्या बिबरी गावची आर्लिंग्टन रो नावाची घरांची रांग बघा. 1380 च्या सुमारास ती लोकरीचं कोठार म्हणून बांधली गेली, सतराव्या शतकात विणकरांची घरं झाली. कुठे बुजवलेल्या खिडक्या दिसल्या की मार्गदर्शक खिडकी-कराची गोष्ट सांगतो. कर खरा होता, 1696 ते 1851. पण प्रत्येक बंद खिडकी करामुळे बुजवलेली नसते. बरीचशी दर्शनी भाग दोन्हीकडे सारखा दिसावा म्हणून पहिल्यापासून खोटीच बांधलेली असते.

जावईबापूंचं घर जुनं असेल तर एक काम करा. ते सरकारी यादीत आहे का ते विचारा. हिस्टॉरिक इंग्लंड या संस्थेच्या संकेतस्थळावर यादी खुली आहे. यादीत पहिली, तारांकित दुसरी आणि दुसरी अशा श्रेणी असतात. दहातली नऊ घरं शेवटच्या श्रेणीतली. 1700 पूर्वीची, मूळ रूपाच्या जवळपास टिकलेली सगळी घरं यादीत घेतली जातात. त्या घराची खिडकी परवानगीशिवाय बदलली तरी तो फौजदारी गुन्हा आहे, आणि श्रेणी कुठलीही असो, आतली बाजूही त्यात आली. तेव्हा हौसेने खिळा ठोकून खुंटी लावण्याआधी मुलीला विचारा.

प्रश्न : गावाबाहेर दगडी महादेवाचं देऊळ आहे. सगळे त्याला हेमाडपंती म्हणतात. मंडळाने वर्गणी काढली आहे : ऑइल पेंट, गाभाऱ्यात टाइल्स आणि सांध्यांत सिमेंट. शिखरावर पिंपळ उगवला आहे. काय करावं, काय करू नये? (वाचक, चाळीसगाव तालुका)

हेमाडपंत, म्हणजे हेमाद्री, यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांच्या दरबारी होता, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तुमच्याच तालुक्यातल्या वाघळीच्या देवळातला शिलालेख शके 991 चा, म्हणजे 1069 चा आहे, जवळपास दोनशे वर्षं आधीचा. त्याच तालुक्यातल्या पाटणे गावचा, गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा लेखही 1207 चा, तोही हेमाद्रीच्या आधीचाच. म्हणून आधी देवळातले खांब, छत आणि लेख बघा, काळ नंतर ठरवा. छताला एकावर एक तिरपे चौकोन रचून मध्ये फूल केलं आहे का? भिंतीचा आराखडा चांदणीसारखा कोन काढत गेला आहे का? सांध्यांत चुना दिसतो की दगड नुसते घडवून बसवले आहेत? कमान किंवा घुमट असेल तर तो भाग बहुधा नंतरचा.

सांध्यांत सिमेंट भरू नका. ही भिंत सहसा बाहेरून घडीव दगडाची, आत भर घातलेली असते. वरून मुरलेलं पाणी सांध्यांतून बाहेर पडतं. सिमेंटने ते आत कोंडतं, भर फुगते आणि दर्शनी दगड बाहेर ढकलला जातो. भेगेतून पाणी जातंच असेल तर वरून, माथ्यावरून अडवा, आणि चुन्यानेच. ऑइल पेंट नको. त्याने दगडाचं रक्षण होत नाही, फक्त नक्षी आणि अक्षरं बुजतात. आधीचा रंग असेल तर सँडब्लास्टिंगने काढू नका, दगडाची कातडीच जाते. टाइल्सचं म्हणाल तर गाभाऱ्याची जमीन वर येते आणि अभिषेकाचं पाणी जाण्याची मोरी बुजते. मग तेच पाणी भिंतीत शिरतं.

पिंपळ उपटू नका. मूळ दगडांमध्ये गेलेलं असतं, ओढलं की दगड हलतो. खोड बुडाशी कापून ताज्या कापावर ब्रशने तणनाशक लावतात, मूळ मेल्यावर पोकळी चुन्याने भरतात. हे जाणकाराच्या देखरेखीखालीच करा.

कुठे अक्षरं दिसली तर खडू, हळद, तेल काही चोळू नका. अंधार पडल्यावर टॉर्च दगडाला जवळजवळ टेकवून आडव्या प्रकाशात फोटो काढा, अक्षरं उठून येतात. ते फोटो पुरातत्त्व खात्याकडे किंवा धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाकडे नेऊन दाखवा. आणि हे सगळं करण्याआधी देऊळ संरक्षित यादीत आहे का ते तपासा. असेल तर मंडळाला हात लावता येणार नाही, वर्गणी परत करा.

प्रश्न : आमचं घर एका संरक्षित देवळापासून साठ-सत्तर मीटरवर आहे. मागची खोली पाडून नवी बांधता येईल का? (वाचक, साक्री तालुका)

देऊळ केंद्राच्या यादीत असेल तर नाही. प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीने. मात्र घर 16 जून 1992 च्या आधीचं असेल तर दुरुस्तीसाठी अर्ज करता येतो. जुनं घरपट्टीचं रेकॉर्ड, आठ-अ उतारा आणि तारीख दिसेल असे जुने फोटो जपून ठेवा. परवानगी येईपर्यंत भिंत पाडू नका. पाडलेल्या भिंतीची दुरुस्ती हे नवं बांधकाम ठरू शकतं.

प्रश्न : वाड्याच्या कडीपाटाला (लाकडी छताला) वाळवी लागली आहे. सगळं सागवान आहे असं वडील सांगत, मग वाळवी कशी? (वाचक, धरणगाव)

सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही. कडेचा फिकट थर मात्र खाते, आणि पाटाच्या फळ्या बऱ्याचदा हलक्या लाकडाच्या असतात. वाळवी आली म्हणजे कुठेतरी ओल आहे, ती आधी शोधा. पन्हळ, न्हाणीघर, मोरी, याच क्रमाने. मग मातीच्या नळ्या पुसून टाका आणि आठ दिवसांनी बघा. पुन्हा झाल्या तर वाळवी जिवंत आहे, परवानाधारक माणसाकडून जमिनीत औषध द्या. तुळईचं टोक गेलं असेल तर पूर्ण तुळई बदलायची गरज नाही. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा, तुळईच्या उंचीच्या निदान तिप्पट लांबीचा तिरपा जोड द्या आणि आरपार बोल्ट घाला. जोडासाठी पाडलेल्या वाड्याचं जुनं साग घ्या. नवं लाकूड पुरतं वाळलेलं नसतं, आकसलं की बोल्ट ढिले पडतात.

प्रश्न : फैजपूरच्या 1936 च्या काँग्रेस अधिवेशनाचा मंडप आणि कमानी प्रसिद्ध होत्या म्हणतात. त्यातलं काही उरलं आहे का? (वाचक, यावल)

उरण्यासाठी ते बांधलंच नव्हतं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. गांधीजींचा आग्रह होता की सजावट गावात मिळणाऱ्या वस्तूंची आणि गावातल्या हातांची असावी, आणि ते काम नंदलाल बोस यांच्याकडे होतं. बांबू, चटया, गवत असं सगळं साहित्य. बघायला मिळतात ते जुने फोटो. त्यात बांबूचे जोड दोरीने कसे आवळले आहेत ते नीट बघा, मांडव घालणाऱ्याला आजही उपयोगी पडेल.

पुढच्या अंकासाठी घराचे फोटो पाठवताना तीन पाठवा : पूर्ण भिंत जमिनीपासून छपरापर्यंत, बिघडलेली जागा शेजारी पट्टी किंवा टेप धरून, आणि त्याच भिंतीची बाहेरची बाजू. बाहेरच्या बाजूचा फोटो नसेल तर ओल कुठून येते ते सांगता येत नाही.